नऊशे मिली

पाणी पाचव्या दिवशी आलं, पहाटे साडेतीनला,
म्हणून आज घरात एकही भांडं रिकामं नाही.
घागरी, बादल्या, कुकर,
विडीची पानं भिजवायचं घमेलंसुद्धा
गळ्यापर्यंत भरलेलं.
आणि मी विचारतोय, जुनं ऑइल कशात पाडू?
पद्मा म्हणाली, "माझ्या डोक्यात पाडा."

शेवटी शेंगतेलाचा डबा सापडला, माळ्यावर.
आडवा धरून त्याचं पोट कापलं,
कडा आत वळवल्या, नाहीतर बोट जातं.
एकदा गेलंय.

गाडी आधी पाच मिनिटं चालू ठेवायची.
थंड ऑइल आळशी, तळाशीच बसून राहतं.
श्रीलता म्हणते, सोलापुरात मे महिन्यात
पेट्रोल कशाला जाळायचं,
उन्हात लावा की नुसती.

सतरा नंबरचा पाना.
शहाबादी फरशीवर गाल टेकून मी गाडीखाली बघतो
आणि दर वेळी तिथंच अडतो:
खालून बघताना उलटं म्हणजे कुठल्या बाजूला?
तीस वर्षं माग चालवले,
लाईट गेल्यावर चाचपून धागा जोडला,
हा एक बोल्ट मात्र मला नवशिका करून ठेवतो.
"सरका नान्ना."
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती.
खाली वाकतसुद्धा नाही. डोळे मिटून
हवेतच एकदा हात फिरवते, मग पाना लावते.
टक.

आधी एक थेंब, विचार करून आल्यासारखा.
मग धार, ताण्याच्या सुतासारखी सरळ, काळी.
तीन हजार किलोमीटर आहेत त्यात.
तिच्या कॉलेजच्या फेऱ्या,
पद्माच्या विड्यांची टोपली,
टॉवेलच्या गाठी, एकावर एक चार,
हैदराबाद रोडची सगळी धूळ,
आणि माग बंद होते त्या बुधवारी
कुठंच जायचं नसताना मारलेली एक चक्कर, तळ्यापर्यंत.
ती मी घरात सांगितली नव्हती.

शेवटचा थेंब पडेपर्यंत घाई करायची नाही.
तोवर गल्लीत बातमी गेलीच.
कोंडय्या दारात: "जळकं ऑइल टाकू नका बरं का,
चौकटीला वाळवी लागलीया."
त्याच्यामागं सेंट्रिंगवाला हणमंतू,
त्याला प्लेटांना लावायला हवंय.
डबाभर काळ्या पाण्याला दोन गिऱ्हाइकं,
शेठच्या टॉवेलांना या महिन्यात एक नाही.

वायसर पुसून बसवला. बोल्ट आवळायला लागलो
तर तिनं मनगट धरलं.
"बास. मागच्या खेपेला तुम्हीच जाम केलता."
खरंय. मी भीतीनं आवळतो.

कापलेल्या बाटलीचं नरसाळं लावून नवं ओतलं,
शेंगतेलाच्याच रंगाचं.
पद्मा डोकावून म्हणाली, "भजी होतील की."
नऊशे मिली. काडी पुसायची, बुडवायची,
उजेडात धरायची, दोन खुणांच्या मधे.

किक तिनं मारली.
मी विचारलं, "आवाज कसाय?"
माझे कान मागांनी नेले. एकदम नाही,
पगारातून कापल्यासारखे, महिन्याच्या महिन्याला.
वरचं काही ऐकू येत नाही आता,
चिमण्या, फोनची रिंग, टॅपेट.
ती मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिली,
पेशंटची छाती ऐकतात तशी.
"होता तसाच," म्हणाली.

एवढा खटाटोप करून होता तसाच!
मी टाकीवर तळहात ठेवला, माझी ती पद्धत.
टाकी उन्हानं भाजत होती, काही कळलं नाही.
तरी हात काढला नाही लगेच.

हात धुवायला पद्मानं एक तांब्या दिला,
पुढचं पाणी गुरुवारी.
नऊशे मिली असेल.
राखेनं चोळून चोळून धुतले,
नखांतलं राहिलंच.